कमाल ९८५, किमान ११००

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि आपण

या महिन्यात आलेली पाच पत्रं एकाच विषयावरची निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. पायथनसारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत व्हेरिएबलमध्ये, म्हणजे माहिती ठेवायच्या नावात, काय आहे, आकडा की अक्षरं, हे आधी सांगावं लागत नाही. गेली काही वर्षं हवं असेल तर सांगता येतं; या प्रकाराला ‘टाइप’ आणि तो लिहून ठेवण्याला ‘टाइप हिंट’ म्हणतात. सांगायचं का, कुठे आणि किती, यावर ही पत्रं आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे सातपूरला छोट्या कारखान्यांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी हिशेबाची सॉफ्टवेअर करतो. सगळं पायथनमध्ये, सहा वर्षांत साचलेल्या अकरा हजार ओळी. साहेबांनी सांगितलंय की दोन महिन्यांत शंभर टक्के कोडला टाइप हिंट लागले पाहिजेत. माझा सहकारी म्हणतो, एवढंच करायचं होतं तर जावा का नाही घेतली? आणि टाइप लिहा, नका लिहू, प्रोग्रॅम तर तसाच चालतो. मग हा खटाटोप कशासाठी? – एक वाचक, सातपूर

उत्तर : तुमच्या पत्रात साहेब, सहकारी आणि तुम्ही असे तिघं बोलताहात, आणि तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. आधी माझ्याकडे घडलेलं सांगते.

लासलगाव भागातल्या एका कांदा व्यापाऱ्याचं काम माझ्याकडे होतं. लिलाव आटोपले की त्यांनी त्या दिवशी घेतलेल्या मालाचा किमान, कमाल आणि सरासरी दर, क्विंटलला रुपये, त्यांच्याकडे माल आणणाऱ्या शेतकऱ्यांना एसएमएसने जायचा. प्रोग्रॅम माझा. दीड वर्ष बिनबोभाट चालला. मग एप्रिलातल्या एका दुपारी व्यापाऱ्याचा फोन आला. मेसेज गेला होता तो असा : किमान ११००, कमाल ९८५, सरासरी १४९७.

येवल्याकडच्या एका शेतकऱ्याशी मी स्वतः बोलले. ते म्हणाले, ‘ताई, कमाल ९८५ वाचलं आणि विंचूरपासून ट्रॅक्टर मागे फिरवला. डिझेल गेलं ते गेलं, आता उद्या परत लायनीत उभं राहायचं.’ त्या दिवशीचा खरा कमाल दर २१०० होता.

संध्याकाळी कोड उघडून बसले. दराच्या पाच नोंदी होत्या : २१००, १८५०, १४५०, ११०० आणि गोलटीच्या, म्हणजे लहान कांद्याच्या, एका लॉटचे ९८५. दर आकडे म्हणून आले असते तर काहीच बिघडलं नसतं. पण ते आले होते स्ट्रिंग म्हणून, म्हणजे अक्षरं म्हणून. अक्षरांची तुलना शब्दकोशासारखी होते, पहिलं अक्षर आधी बघायचं. ‘९८५’ चं पहिलं अक्षर ९ आणि ‘२१००’ चं २. नऊ मोठा, म्हणून ९८५ कमाल. ‘११००’ एकने सुरू होतो, म्हणून तो किमान. पायथनला स्ट्रिंगची तुलना येते, तिने ती चोख केली आणि कुठेही एरर दिली नाही.

दीड वर्ष हे कळलं का नाही? कारण तोपर्यंतचे सगळे दर चार आकडी होते. चार-चार अक्षरांच्या आकड्यांची शब्दकोशासारखी तुलना केली तरी उत्तर बरोबरच येतं. ज्या दिवशी तीन आकडी दराचा पहिला लॉट आला, त्या दिवशी चूक उघडी पडली, तीही थेट शेतकऱ्यांच्या मोबाइलवर.

मग सरासरी बरोबर कशी आली? हा भाग मला जास्त लागला. दर आधी आमच्याच एंट्री स्क्रीनमधून येत, तिथे त्यांचा आकडा होत असे. नंतर दिवाणजी एक्सेलमध्ये नोंदी करायला लागले आणि आम्ही त्यांची सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) वाचायला लागलो. सीएसव्ही वाचणारा पायथनचा रीडर प्रत्येक रकाना स्ट्रिंग म्हणूनच हातात देतो. स्ट्रिंगची बेरीज करायला गेल्यावर एरर आली, कारण बेरीज शून्यापासून सुरू होते आणि आकड्यात अक्षरं मिळवता येत नाहीत. आमच्याकडच्या मुलाने बेरजेच्या ओळीत दराचा आकडा करून घेतला आणि पुढे गेला. जिथे फाटलं तिथे टाका घातला. कमाल आणि किमानच्या ओळी फाटलेल्या दिसत नव्हत्या, त्या तशाच राहिल्या. त्या मुलाला मी बोल लावत नाही. फंक्शनच्या, म्हणजे हे काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, कंसात नुसतं ‘दर’ एवढंच लिहिलेलं होतं. दर म्हणजे आकडे की अक्षरं, हे मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. माझ्या डोक्यात होतं, त्याच्या डोक्यात ते कुठून यावं?

आता तुमचा प्रश्न. त्या फंक्शनची पहिली ओळ, इथे देवनागरीत उतरवते, अशी होती : डेफ सारांश(दर). ती अशी हवी होती : डेफ सारांश(दर: लिस्ट[इंट]). ‘मला पूर्णांकांची यादी लागते’ एवढंच ती सांगते. प्रोग्रॅम चालवताना पायथन याकडे बघतही नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. बघतो तो चेकर. मायपाय किंवा पायराइट यांपैकी कोणताही घ्या. प्रोग्रॅम न चालवता तो सगळा कोड वाचतो. सीएसव्ही रीडर स्ट्रिंग देतो हे त्याला माहीत असतं, कारण पायथनच्या प्रमाण लायब्ररीतल्या फंक्शनांचे टाइप लिहून त्याच्यासोबत दिलेले असतात. ज्या दिवशी आम्ही एंट्री स्क्रीनऐवजी सीएसव्ही जोडली, त्याच दिवशी, त्याच ओळीवर त्याने सांगितलं असतं : इथे स्ट्रिंगची यादी देताय, तिकडे पूर्णांकांची हवी आहे. एप्रिलपर्यंत थांबावं लागलं नसतं. विंचूरहून ट्रॅक्टर मागे गेला नसता.

तुमच्या सहकाऱ्याचा आक्षेप जुना आहे आणि तो मनापासून घेतलेला आहे, म्हणून नीट उत्तर देते. पायथनमध्ये टाइप नसतात असं नाही. व्हॅल्यूला टाइप असतो, नावाला नसतो. ‘५०’ ही स्ट्रिंग आणि ३ हा आकडा, बेरीज करा, लगेच एरर. गुणाकार करा, तर तीच स्ट्रिंग तीनदा जोडून ‘५०५०५०’ मिळते. म्हणजे टाइप आहेच, फक्त तो कळतो प्रोग्रॅम त्या ओळीवर पोहोचल्यावर. २००४ च्या डिसेंबरात पायथनचे जनक गीदो व्हान रॉसम यांनी स्वतः ऐच्छिक टाइप जोडण्याची कल्पना मांडली, तेव्हा तिला जोरदार विरोध झाला. २००८ च्या शेवटी पायथन ३.० आली तेव्हा कंसात टाइप लिहायला जागा केली गेली, पण तिथे जे लिहायचं त्याचा अर्थ भाषेने ठरवला नाही. मधल्या काळात युका लेहतोसालो यांनी केंब्रिजला पीएचडी करताना मायपायचं काम सुरू केलं. सुरुवातीला ती पायथनसारखी दिसणारी वेगळीच भाषा होती. पायथनचीच लिहिण्याची पद्धत वापर, असं गीदोंनी त्यांना सुचवलं, आणि अखेर २०१५ च्या सप्टेंबरात पायथन ३.५ सोबत टाइप हिंटना अधिकृत अर्थ मिळाला. तो देणाऱ्या पेप ४८४ या प्रस्तावातच लिहिलं आहे की पायथन डायनॅमिकच राहील, म्हणजे टाइप प्रोग्रॅम चालतानाच बघेल, आणि हे हिंट सक्तीचे करण्याची लेखकांची इच्छा नाही. तेव्हा सहकाऱ्याला सांगा, जावामध्ये बहुतेक ठिकाणी लिहावंच लागतं, इथे कुठे लिहायचं हे तुम्ही ठरवता. अर्ध्या कोडला टाइप आणि अर्ध्याला नाही, तरी दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. २००६ मध्ये जेरेमी सीक आणि वालिद ताहा यांनी या पद्धतीला ग्रॅज्युअल टायपिंग असं नाव दिलं. ‘एनी’ नावाचा एक टाइप आहे, तो कशाशीही जुळतो. ज्याला तुम्ही टाइप दिलेला नाही ते सगळं चेकर ‘एनी’ धरतो आणि गप्प बसतो.

हे गप्प बसणं नीट समजून घ्या, कारण दुसरा खड्डा इथेच आहे. त्या व्यापाऱ्याचं काम पुढे मोबाइल अ‍ॅपवर गेलं, नोंदी जेसनमध्ये, म्हणजे माहिती पाठवायच्या एका मजकूर-पद्धतीत, यायला लागल्या. जेसन वाचणारं पायथनचं फंक्शन काय परत देतं, याचा टाइप आहे ‘एनी’. तुम्ही लिहिलं, ‘दर: इंट’ आणि त्यात जेसनमधली नोंद भरली, तर चेकर मान डोलावतो. आत स्ट्रिंग असली तरी. लिलावात बोली लागते ती ट्रॉलीतला वरचा माल बघून. ट्रॉली खळ्यावर ओतल्यावर आत काय निघेल ते तेव्हाच कळतं. चेकर बोली लावणारा आहे, खळ्यावर तो नसतो. खळ्यावरचं काम तुम्हाला कोडमध्येच करावं लागतं : डेटा जिथे आत येतो त्याच ओळीत त्याचा आकडा करून घ्यायचा, आणि होत नसेल तर तिथेच थांबायचं. ‘इंट’ ला ‘२,१००’ असं स्वल्पविरामासकट दिलं की तो एरर देतो, कोरा रकाना दिला तरी देतो. देऊ दे. नोंदीचा क्रमांक हाती असतो, दिवाणजींना फोन करून विचारता येतं. आणि एक छान गोष्ट : दिवाणजींनी ‘२१००’ हे देवनागरी आकड्यांत टाकलं तरी पायथनचा ‘इंट’ ते बिनतक्रार वाचतो. नोंदी बऱ्याच रकान्यांच्या असतील तर पायडँटिक ही लायब्ररी बघा. ती तुमचेच टाइप हिंट वाचून डेटा आत येताना खरोखर तपासते.

म्हणून साहेबांना माझा निरोप असा : शंभर टक्क्यांचं लक्ष्य ठेवू नका. दोन महिन्यांची मुदत डोक्यावर असली की माणसं जिथे अडेल तिथे ‘एनी’ लिहितात, नाहीतर ‘ही ओळ तपासू नको’ अशी टीप टाकतात. आकडा शंभर होतो, कोड होता तिथेच राहतो. अकरा हजार ओळींत पैसे आणि वजन ज्या फंक्शनांतून जातात ती किती असतील? शंभराच्या आतच असावीत. तिथून सुरू करा. मग डेटा जिथून आत येतो ती फंक्शनं. मग ज्यांना तुमच्या चौघांपैकी एकापेक्षा जास्त जण हात लावतात ती. त्यानंतर जे नवं लिहाल आणि जुन्यातलं जे दुरुस्त कराल, त्याला टाइप देत चला. सहा वर्षांत कोणी न उघडलेल्या फाईली तशाच राहू देत. ज्या फंक्शनला एकही टाइप दिलेला नाही, त्याच्या आत मायपाय मुळात बघतच नाही, सांगितल्याशिवाय. त्यामुळे पहिल्याच दिवशी हजार चुका अंगावर येणार नाहीत.

मात्र चेकर रोज चालला पाहिजे. कोड सर्व्हरवर जाण्याआधी, प्रत्येक वेळी, तुमच्या आठवणीवर न सोडता. न तपासलेले हिंट सहा महिन्यांत खोटे होतात. आणि खोटा हिंट नसलेल्या हिंटपेक्षा वाईट, कारण वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो.

पहिल्या आठवड्यात तुम्हाला सगळ्यात जास्त चुका कुठे सापडतील तेही सांगते. मोबाइल नंबरवरून शेतकऱ्याचं खातं शोधणारं फंक्शन घ्या. खातं सापडलं तर खातं परत देतं, नाही सापडलं तर ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’. पुढच्याच ओळीत कोणीतरी बाकी विचारतं, आणि ‘नन’ ला बाकी नसते. परत देण्याचा टाइप ‘खातं किंवा नन’ असा लिहा. ‘नन’ आलं तर काय, हे न विचारता पुढे गेलेली प्रत्येक ओळ चेकर दाखवील. माझ्या एका जुन्या कामात अशा सतरा ओळी निघाल्या होत्या.

प्रश्न : मॅडम, मी नाशिकला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घर निफाड तालुक्यात. मायपाय विनाकारण भांडतं. एक फंक्शन फ्लोटची, म्हणजे दशांश आकड्यांची, लिस्ट घेतं. त्याला इंटची लिस्ट दिली तर नाही म्हणतं. पण नुसता फ्लोट मागितला आणि इंट दिला तर चालतो! एक चालतो तर यादी का नाही? – एक विद्यार्थी

उत्तर : तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण बहुतेक जण इथे वैतागून चेकर बंद करतात. तू विचारलंस.

निफाडचा आहेस, तर क्रेट घे. तुझ्या हातात द्राक्षांचा क्रेट आहे. मी म्हणते, मला ‘फळांचा क्रेट’ दे. तू म्हणतोस, द्राक्ष हे फळच आहे, घ्या. क्रेट मी माझ्याकडे ओढून घेते. माझ्या लेखी तो फळांचा क्रेट, तेव्हा त्यात एक डाळिंब टाकायचा मला हक्क आहे. टाकलं. पण क्रेट एकच आहे, तू त्याची नक्कल करून दिलेली नाहीस. तुझ्या हातातल्या चिठ्ठीवर अजून ‘द्राक्षं’ लिहिलंय आणि आत डाळिंब आहे. पुढे पॅकिंगला बसलेली बाई त्या चिठ्ठीवर विसंबून हात घालणार.

लिस्टचं तसंच. फ्लोटची लिस्ट मागणारं फंक्शन तिच्यात २.५ घालू शकतं. लिस्ट तीच, तुझ्याकडे अजून ‘इंटची लिस्ट’ म्हणून नोंदलेली. तुझं फंक्शन असं करत नसेलही, पण त्याच्या पहिल्या ओळीवरून चेकरला ते कळत नाही. आता त्याला कळेल असं लिही : ‘लिस्ट’ ऐवजी ‘सिक्वेन्स’ माग. सिक्वेन्स म्हणजे मी फक्त बघेन, मोजेन, आत काही टाकणार नाही. मग तुझी इंटची यादी बिनतक्रार चालेल, ट्युपल, म्हणजे न बदलणारी यादी, तीही चालेल. एक सवय लावून घे. फंक्शन जे घेतं त्याचा टाइप जेवढा सैल ठेवता येईल तेवढा ठेव, जे परत देतं त्याचा नेमका लिही.

पुढे वाचायचं असेल तर ‘प्रोटोकॉल’ बघ, पायथन ३.८ मध्ये २०१९ ला आला. ‘ज्याला बाकी विचारता येते असं काहीही चालेल’ हे तुला टाइपमध्ये लिहिता येतं, ते कोणत्या क्लासचं (प्रोग्रॅमरने बनवलेल्या टाइपचं) आहे याची चौकशी न करता. पायथनचा मोकळेपणा टाइपमध्ये आणणारी माझी सगळ्यात आवडती गोष्ट ती.

प्रश्न : आमच्या गोदामात मालाची आवक किलोत येते, दर क्विंटलचा असतो. दोन्ही फ्लोटच. मागच्या हंगामात एका पट्टीवर, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या पावतीवर, रक्कम शंभर पट छापली गेली. टाइप लिहिले असते तरी दोन्ही फ्लोट म्हणूनच पास झाले असते ना? – एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : हो, नुसतं ‘फ्लोट’ लिहून काही हाती लागलं नसतं. पण ‘फ्लोट’ वर थांबायची गरज नाही.

ही चूक लहानसहान ठिकाणीच होते असंही नाही. २३ सप्टेंबर १९९९ ला नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचता पोहोचता गमावलं गेलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर धक्क्याचा आकडा पाउंड-फोर्स-सेकंदात देत होतं, दुसरी बाजू तो न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. आकडा पलीकडे गेला, एकक अलीकडेच राहिलं. तुमच्या पट्टीवर हेच झालं.

पायथनच्या टायपिंग मोड्यूलमध्ये ‘न्यूटाइप’ आहे. त्याने ‘किलो’ आणि ‘क्विंटल’ असे दोन टाइप बनवा, दोन्ही फ्लोटवर आधारलेले. प्रोग्रॅम चालताना ते साधे फ्लोटच राहतात, वेग फारसा कमी होत नाही. पण पट्टीची रक्कम काढणारं फंक्शन ‘वजन: क्विंटल’ मागत असेल आणि तुम्ही ‘किलो’ दिलेत, तर चेकर तिथेच अडवेल. किलोचे क्विंटल करणारं, शंभराने भागणारं, एकच फंक्शन ठेवा आणि भागाकार दुसरीकडे कुठेही दिसू देऊ नका.

एका बाबतीत जपा. किलो आणि क्विंटल यांची थेट बेरीज केलीत तर न्यूटाइप अडवत नाही, कारण फ्लोटची बेरीज दोघांनाही वारशाने मिळते आणि उत्तर साधा फ्लोट येतं. मात्र तो साधा फ्लोट पुढे ‘क्विंटल’ मागणाऱ्या फंक्शनला चालत नाही, म्हणजे एक पायरी उशिरा का होईना, अडतं. बेरजेलाच अडवायचं असेल तर वजनाचा स्वतंत्र क्लास लिहा आणि त्यात तुम्हाला हव्या तेवढ्याच क्रिया द्या. एका गोदामाच्या कामाला मी न्यूटाइपवर थांबेन.

मी कामाला लागले तेव्हा फॉक्सप्रो होतं, डेटाबेसचे प्रोग्रॅम लिहायचं साधन. टेबलच्या रकान्याला तिथे टाइप द्यावाच लागे, व्हेरिएबलला लागत नसे. म्हणून आम्ही नावाच्या सुरुवातीला खुणेचं अक्षर लावायचो, आकड्याला एन, अक्षरांना सी, तारखेला डी. माझ्या वरिष्ठांनी एककही नावात लिहायला शिकवलं होतं : एन-वजन-किलो. तेव्हा तपासणारा कोणी नव्हता, डोळ्यांवर भिस्त होती. त्यांची ती शिस्त आज चेकर सांभाळतो, आणि मला ते दर वेळी आठवतात.

प्रश्न : आमचं सगळं काम पीएचपीत, वेबसाइटच्या भाषेत, आहे. तिथेही टाइप लिहिता येतात म्हणे. पायथनसारखेच का? – एक वाचक, मालेगाव

उत्तर : लिहायला सारखे, वागायला नाही. २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७ पासून फंक्शनला इंट, फ्लोट, स्ट्रिंग असे टाइप देता येतात, आणि पीएचपी ते प्रोग्रॅम चालताना पाळते. पण एरवी ‘९८५’ ही स्ट्रिंग इंट मागणाऱ्या फंक्शनला दिलीत तर ती मुकाट्याने तिचा ९८५ करून घेते. फाईलच्या सुरुवातीला ‘स्ट्रिक्ट टाइप्स’ चालू करा, मग त्या फाईलमधून असा कॉल केला की टाइप एरर मिळेल. तुमच्या जागी मी असते तर नव्या प्रत्येक फाईलमध्ये ते चालू केलं असतं. ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्टचा भाग असेल तर तिकडे टाइपस्क्रिप्ट, मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेली. तिचे टाइपही पायथनसारखेच प्रोग्रॅम चालताना पाळले जात नाहीत : कोड तयार होताना तपासले जातात आणि पुसून टाकले जातात.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. पायथनचा पहिलाच परिचय असलेल्या मुलांना टाइप हिंट शिकवावेत का? माझ्या सहशिक्षकांचं मत आहे की मुलं घाबरतील. – एक शिक्षिका, नाशिक रोड

उत्तर : बाई, पहिल्या महिन्यात शिकवू नका. मुलाने पहिला प्रोग्रॅम लिहिला आणि पडद्यावर त्याचं नाव उमटलं, यातला आनंद मोठा असतो. तिथे कंस, बाण आणि विसर्गासारखी चिन्हं आणून ठेवली तर ती त्या चिन्हांतच अडकतील. पायथन इतकी पसरली ती हा पहिला उंबरठा ठेंगणा असल्यामुळे.

पण मुलं फंक्शन लिहायला लागली की लगेच सुरू करा, आणि ‘टाइप हिंट’ हे नाव न घेता. फंक्शन लिहिण्याआधी वहीत एक मराठी वाक्य लिहायला सांगा : काय घेतं, काय देतं. ‘दरांची यादी घेतं, सगळ्यात मोठा दर देतं.’ मग विचारा, दर म्हणजे काय? आकडा? पूर्णांक की दशांश? यादी रिकामी असली तर काय देईल? हे शेवटचं विचारल्यावर वर्गात शांतता पसरते, मी स्वतः अनुभवलं आहे. रिकाम्या यादीतला कमाल शोधायला सांगितला तर पायथन एरर देते, पण मुलांना त्याआधी विचार करू दे. दोन आठवडे वहीत लिहून झालं की तेच वाक्य कंसात कसं लिहायचं ते दाखवा. तेव्हा ते त्यांचंच वाक्य असतं, कोणी लादलेलं नसतं.

पायथन ३.९ किंवा त्यानंतरची असेल तर ‘लिस्ट[इंट]’ असं साधं लिहून भागतं, वेगळं काही इम्पोर्ट करावं लागत नाही. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर कोणती आहे ते आधी बघून घ्या.

आणि पहिला तास माझ्याकडचे पाच दर घेऊन करा : २१००, १८५०, १४५०, ११००, ९८५. फाईलमध्ये लिहून ठेवा, मुलांना ती वाचायला सांगा आणि कमाल शोधायला सांगा. तुम्ही काही बोलू नका. उत्तर ९८५ येईल. कोणीतरी मागच्या बाकावरून म्हणेल, ‘मॅडम, हे चुकलंय.’ त्या मुलाला किंवा मुलीला फळ्याशी बोलवा.